तेल न पिणारं कापड

आमच्या घरात पहिली जर्सी आली ती चिंधी होऊन. बाबा दुबईतल्या रास अल खोरच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन होते. तिथं हात आणि मशिनं पुसायला चिंध्यांची पोती यायची. त्या दिवशी ते घरात शिरले तेच चिडून. डबा ओट्यावर ठेवला, खिशातून निळ्या, जाड, जाळीदार कापडाचा एक तुकडा काढला आणि आईच्या तोंडासमोर धरला. "हे बघ. तुझ्या गोडाउनचं पाप. दुपारपासून घासतोय, ग्रीस नुसतं इकडनं तिकडं फिरतंय. हे कापड तेलच पीत नाही!" आई जवळच्याच एका गोडाउनमध्ये जुन्या कपड्यांची निवड करायची, आणि तिथल्याच चिंध्या बाबांच्या वर्कशॉपला जायच्या. त्यामुळे वाईट चिंधी निघाली की आमच्या घरी भांडण ठरलेलं. आईनं तुकडा हातात घेतला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळला. तांदूळ निवडताना करते तसंच तोंड केलं. "मी नाही पाठवलेलं. कापायच्या टेबलावर आंधळा कारभार आहे. पॉलिस्टर आहे हे, घट्ट विणीचं." मग तिला त्यावरची फाट दिसली. "आता गं बया. हे फाटायला माणूस रेड्यालाच धडकला असला पाहिजे."

ती एका जर्सीची बाही होती. दंडावर अर्धा आकडा, त्याच्या वर कुठल्यातरी जनावराचं एक शिंग. आईनं ती न्हाणीघरासमोर पायपुसणं म्हणून टाकली. ती पाणीही पीत नव्हती. दोन वेळा घसरून पडल्यावर बाबा म्हणाले, "हिला काढा, नाहीतर मला तरी काढा." तेव्हा मी ती उचलली आणि माझ्या कपाटात ठेवली. आज ती पुण्यात माझ्या टेबलाच्या खणात आहे. हे प्रकरण लिहायला बसताना काढून बघितली. अजूनही शाई सांडली तर ती टिपणार नाही.

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही हे मला ठाऊक आहे. लोक निवृत्त होतात, गुडघे दुखायला लागतात, मग लिहितात. पण शारजातली आमची बिल्डिंग पाडली असं मध्यंतरी कळलं. जिथं वाढलो तिथं परत जाऊन 'इथं आमचं स्वयंपाकघर होतं' असं म्हणायची सोयच ज्यांना नाही, त्यांनी म्हातारपणाची वाट कशाला बघायची?

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, स्वयंपाकघर आणि पडदा लावून केलेली माझी खोली. खाली मंदी, म्हणजे अरबी मटण-भात, विकणारं हॉटेल होतं, त्याच्या भाताचा वास संध्याकाळी जिन्यातून वर यायचा, आणि वरून आमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या फोडणीचा वास खाली जायचा. मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडायची. दिवसभर एसीची घरघर. ती इतकी सवयीची होती की सुट्टीत कोल्हापूरला गेलं की शांततेनं मला झोप यायची नाही. बाबा घरी आले की आधी रेडिओवरच्या हिंदी बातम्या लावायचे आणि बातमीदाराशी भांडायचे. आई पोळ्या लाटता लाटता दिवसभरात हातांखालून गेलेले कपडे सांगायची. एखाद्या घरी शेजारपाजारच्या बातम्या असतात, आमच्याकडे कॅनडातल्या कुणाच्या तरी कोटाच्या खिशात बसचं तिकीट निघाल्याची बातमी असायची.

आणि पत्रकं होती. बाबा तरुणपणी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत होते, तिथं संप झाला होता आणि तो मोडला होता. त्यातून बाबांच्या हाती राहिली ती एक पेटी, काठोकाठ पत्रकांनी भरलेली. ती ते सोबत घेऊन आले. वाटायला नाही, तिथं ती वाटायची कुणाला? ती माझ्यासाठी होती. शाळेत मराठी नव्हतं, घरात बालभारती नव्हती, म्हणून बाबांनी मला पिवळ्या पडलेल्या त्या कागदांवर वाचायला शिकवलं. इतर मुलांचा अ अननसाचा असतो, माझा अन्यायाचा होता. मी पहिलं सलग वाक्य वाचलं ते 'बंधूंनो, मालकांच्या गोड बोलण्याला भुलू नका'. आई कोथिंबीर आणायला पाठवायची तेव्हा मी विचारायची, "ही मागणी न्याय्य आहे का?" आई म्हणायची, "आणत्येस का लाटणं घेऊन येऊ?" नाव समता ठेवलेलं, शाळेत त्याची सॅम झाली होती. आई मात्र समे म्हणायची.

आईच्या गोडाउनात कॅनडा-अमेरिकेतून जुन्या कपड्यांच्या गाठी यायच्या. सरकत्या पट्ट्यावर कपडे पसरले जायचे आणि दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या बायका ते निवडायच्या. नव्यासारखं असेल ते 'क्रीम', मग 'ए', मग 'बी'. हे सगळं पुन्हा गाठी बांधून आफ्रिकेकडे आणि कुठंकुठं जायचं. फाटलं, डागाळलं ते 'वायपर', म्हणजे कापून चिंध्या. तिथं नियम असा की कपडा फाटका असला की तो कशाचा, कुणाचा हे बघायचं नाही. सुरीखाली जायचा. आठवड्याच्या शेवटी मात्र बायकांना वायपरच्या ढिगातून हवं ते थोडं घरी नेता यायचं. सुपरवायझर ओरडायचा, "यल्ला, जल्दी उठाओ, खलास!" बाकीच्या बायका पोराबाळांचे टॉवेल शोधायच्या. आई माझ्यासाठी तेल न पिणारं कापड शोधायला लागली.

बाबांची एकच अट होती. "ढिगातलं आण. पट्ट्यावरचं नाही. चांगलं असलेलं फाटकं म्हणून आणायचं नाही." आईला राग आला. "मला शिकवू नका. माझ्या हातनं आजवर बी क्रीममध्ये गेलेलं नाही की क्रीम बीमध्ये." त्यामुळे आमच्याकडे ज्या जर्स्या आल्या त्या सगळ्या फाटक्या. ज्या कपाटात लटकून जुन्या झाल्या त्या धडधाकट होत्या, त्या गेल्या आफ्रिकेला. ज्यांनी मार खाल्ला होता त्या आमच्याकडे आल्या. हा योगायोग किती मोठा होता हे आम्हांला तेव्हा माहीत नव्हतं.

कशाच्या जर्स्या आहेत हेही माहीत नव्हतं. एकीच्या लेबलावर 'हॉकी' लिहिलेलं होतं, पण मला वाटायचं हॉकी म्हणजे आपली, मैदानावरची. मग एवढ्या ढगळ, गुडघ्यापर्यंतच्या कशाला? आणि पाठीला आतून एक जाड पट्टी शिवलेली, तिला बटणं. आई म्हणाली, "झबल्याला असते तशी. मोठी माणसं असली तरी सांडत असतील." तिनं प्रत्येकीला नाव दिलं. गव्याची, अस्वलाची, लाकूडतोड्याची, आणि एक पिवळी होती तिच्यावरचा पक्षी आम्हांला शेवटपर्यंत ओळखता आला नाही, ती 'बदकाचीच असणार'. गव्याची म्हणजे माझ्या पहिल्या बाहीचीच बहीण, निळी, तेच शिंग, पण अख्खी. काखेपासून कोपरापर्यंत उसवलेली, आणि कोपराशी कुणीतरी काळ्या दोऱ्यानं घाईघाईत घातलेले जाडजाड टाके.

कोडं सोडवलं फ्रान्सिस अंकलनी. ते वसईचे, आमच्याच मजल्यावर राहायचे. नोकरी अशी की ऐकणारा आधी हसायचा. वसईचा माणूस दुबईच्या मॉलमध्ये बर्फ सपाट करणारं मशीन चालवायचा. रविवारी चर्चहून आले की आमच्याकडे चहा. एकदा मी जर्स्या दोरीवर टाकल्या होत्या, ते दारातच थांबले. "काय गो वहिनी, आइस हॉकीवाल्यांना जेवायला बोलावलंय का?"

त्यांनीच सांगितलं की पाठीची पट्टी मारामारीसाठी. खेळता खेळता भांडण लागलं की समोरचा जर्सी वर ओढून तोंडावर टाकतो, मग दिसत नाही आणि मार बसतो. म्हणून ती पट्टी चड्डीला बांधायची. आई बराच वेळ हसली. "आणि मी म्हणते सांडत असतील!" त्यांनी काळे डाग दाखवले, ते रबरी चकतीचे. पांढरे-लाल ओरखडे दाखवले, ते बर्फाभोवतीच्या फळ्यांच्या रंगाचे, माणूस जाऊन आदळतो तिथले. आणि म्हणाले, ह्या मोठ्या टीमच्या नव्हेत. छोट्या गावांतल्या टीमच्या. तिथं पैसा नाही, एकच जर्सी दोन-तीन वर्षं, एक माणूस गेला की त्याचं नाव उसवायचं आणि दुसऱ्याचं लावायचं. मी गव्याची उलटी करून उजेडात धरली. पाठीवर नावाच्या पट्टीखाली सुईच्या बारीक भोकांच्या रांगा होत्या, एकावर एक. किती माणसं येऊन गेली होती कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून मी पेटले. ऐकणाऱ्याला मी सांगायची: हे खेळाडू नाहीत, हे कामगार आहेत. कंत्राट संपलं की घरी. मालकाला वाटलं की रातोरात दुसऱ्या गावाला. नाव उसवलं जातं. मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात खाट रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुसऱ्याची पिशवी असते, तसंच. शाळेत निबंधात लिहिलं, तर टीचरनी शेरा मारला की विषय 'माय हॉबी' असा होता. मी प्रत्येक जर्सीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, वर मार्करनं मराठीत मजकूर. 'ह्या माणसानं पगारासाठी मार खाल्ला.' 'डाग धुऊ नये. डाग हाच पुरावा.' आणि गव्याच्या चिठ्ठीवर, बाबांच्या पेटीतल्या 'कसेल त्याची जमीन'वरून रचलेली, माझ्या मते माझी सर्वांत तेजस्वी ओळ: 'खेळेल त्याची जर्सी'. बाबांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "छापण्यासारखी आहे." एवढं कौतुक मला त्यानंतर कुठल्या संपादकानंही दिलेलं नाही.

अंकल आम्हांला एकदा रिंकवर घेऊन गेले. सकाळी मॉल उघडायच्या आधी तिथल्या कामगारांना आठवड्यातून एकदा खेळायला मिळायचं, मॅनेजर भला होता. बाहेर उन्हानं गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता, आणि आत बाबा माकडटोपी घालून बसलेले. ती त्यांनी कोल्हापूरहून कशासाठी आणली होती ह्यावरून आई त्यांना इतकी वर्षं टोमणे मारत आली होती. त्या सकाळी त्यांनी तिच्याकडे फक्त एकदाच बघितलं. बर्फावर अंकल, बूट भाड्यानं देणारा फिलिपिनो, कँटीनचा मलयाळी, सफाईवाले दोघं. अंगात कंपनीचे टी-शर्ट. कोण कुणाच्या बाजूनं हे कळावं म्हणून एका बाजूनं दंडाला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती घामानं सुटायची, मग स्वतःच्याच माणसाला पाडायचे आणि पाचही भाषांत शिव्या द्यायचे. आईला ते फार आवडलं. "ह्यांना खेळता येतंय का?" तिनं विचारलं. अंकल धापा टाकत म्हणाले, "नाय वहिनी. पण पडता येतं."

माझ्या बारावीच्या वर्षी बाबांचं वर्कशॉप बंद झालं. मालकानं अबू धाबीकडे, मुसफ्फाला मोठं शेड घेतलं आणि नव्या माणसांना नेलं. बाबांचं वय बघून त्यांना हात जोडले. बाबा त्या रात्री जेवले नेहमीसारखे, फक्त रेडिओ लावला नाही. ठरलं की सगळ्यांनीच परतायचं, मी पुण्याला शिकायला, ते दोघं कोल्हापूरला. पेटीतली पत्रकं, भांडी, आईचं शिलाई मशीन ह्यांनीच सामान भरलं. जर्स्या एव्हाना कपाट, पलंगाखालची जागा आणि गॅलरीतले दोन खोके व्यापून होत्या. त्या नेणं शक्य नव्हतं. कुठं जागा मिळाली नाही तर एकच वाट होती, आल्या तिकडेच, वायपरच्या टेबलावर. आई त्या टेबलासमोरून रोज जायची. त्या ढिगातून आईनं माझ्यासाठी ज्यांना ओढून काढलं होतं त्यांना आता मीच सुरीखाली पाठवायचं?

अंकलनी तोड काढली. रिंकवर मुलांना शिकवणारा ग्रेग नावाचा कॅनेडियन कोच होता. स्वतः तरुणपणी अशाच छोट्या टीममधून खेळलेला. रिंकच्या लांब पॅसेजमध्ये जुन्या जर्स्या काचेत लावायच्या असं त्याच्या मनात होतं, पण खऱ्या, मॅचमध्ये घातलेल्या, जखमांसकट. दुकानातल्या नकोत. अंकल म्हणाले, "अशा आहेत, चला दाखवतो." सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्यानं यायचं ठरलं.

सकाळी मी परीक्षेच्या शेवटच्या उजळणीसाठी मैत्रिणीकडे निघाले. जाता जाता आईला म्हटलं, "आई, संध्याकाळी कोच येणार आहेत जर्स्या बघायला. सगळ्या नीट मांडून ठेव हं."

आता, बघायला येणार म्हटल्यावर आमच्याकडची बाई काय करते? माझ्या आईच्या चार बहिणी. प्रत्येकीला बघायला आले तेव्हा घर सारवण्यापासून पोहे परतण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. मी संध्याकाळी जिना चढताना मंदीचा वास आला नाही. त्याला मागं सारून साबणाचा, लिंबाचा, गरम इस्त्रीचा, आणि शेजारच्या सुदानी बाईंनी दिलेल्या बखूरच्या, अरबी धुपाच्या धुराचा वास येत होता. दार उघडलं. दिवाणावर, खुर्च्यांवर, दोरीवर माझ्या जर्स्या. पांढऱ्या होत्या त्या दुधासारख्या पांढऱ्या. चकतीचे काळे डाग गेले. फळ्यांचे ओरखडे गेले. फाटी गेल्या. आईनं दिवसभर बसून रफू केलं होतं, इतकं बारीक की कापड जिथं दुभंगलं होतं तिथं बोट फिरवलं तरी कळू नये. चिठ्ठ्या मात्र परत जशाच्या तशा बांधल्या होत्या. 'डाग धुऊ नये' ही चिठ्ठी एका निर्मळ धुतलेल्या जर्सीवर लोंबत होती.

"आई! काय केलंस हे!"

"का गं? डोकं धरलं माझं लिंबू चोळून चोळून."

"तू इतिहास पुसून टाकलास!"

"इतिहासाला घामाचा वास येत होता, समे. परका माणूस घरी येणार, त्याच्यासमोर फाटकं मांडू? म्हणंल, ह्या घरात बाई आहे का नाही?"

"त्याला फाटकंच हवं होतं! वाचता येत नाही का तुला? लिहिलंय ना!"

"तू तर काय, भाजी आणायच्या चिठ्ठीवरपण क्रांती लिहित्येस," आई म्हणाली. पण हातातली सुई तिनं खाली ठेवली, आणि तिचा चेहरा पडला. बाबा मध्ये पडले नाहीत. गॅलरीत जाऊन एक जर्सी उगाच पुन्हा झटकून वाळत घातली. मी पुढं बोलणार होते, माझ्याकडे पेटीभर वाक्यं होती, पण बेल वाजली.

कोच ग्रेग दारात वाकून आत आला. अंकल मागे. मी बोलायच्या आत आईनं पोह्यांच्या बशा आणल्या, वर ओलं खोबरं, बाजूला लिंबू. तो बिचारा अवघडून बसला, चमचाभर खाल्लं, मग सगळे खाल्ले. मग उठून जर्स्या बघायला लागला. एक उचलली, खाली ठेवली. दुसरी. पट्टीचं नवीन बटण दाबून बघितलं. फाट शोधत बाहीवरून बोट फिरवलं, आणि मला कळलं की खलास. शेवटी मला म्हणाला, अगदी सभ्यपणे, की हे फार सुंदर काम आहे, पण सॉरी, भिंतीवर लावायला ह्या आता चालणार नाहीत. तिथं येणाऱ्या मुलांना त्याला मार दाखवायचा होता. इथं मारच उरला नव्हता.

मी भिंतीकडे बघत होते. आईला इंग्रजी फारसं कळत नसे, पण 'सॉरी' कळलं.

मग ग्रेगच्या हाती गव्याची आली. त्यानं ती उलटी केली, बाहीत हात घातला आणि कोपराशी थांबला. काखेपासूनची लांब फाट आईनं मिटवली होती, तिथं काही दिसत नव्हतं. पण कोपरावरचे ते जुने काळे टाके तसेच होते. वाकडे, जाड, घाईतले. आईचं बारीक रफू त्यांच्यापर्यंत येऊन थांबलं होतं आणि त्यांना वळसा घालून पुढं गेलं होतं. त्यानं दुसरी बघितली. तिसरी. जिथं जिथं आधी कुणी शिवलं होतं ती प्रत्येक शिवण जागच्या जागी. तो हसायला लागला. म्हणाला, आमच्या टीमचं सामान सांभाळणारा असंच शिवायचा, बेंचवर, मी अंगात घातलेली असतानाच, आणि मी हललो की टोचायचा. मग त्यानं आईला विचारलं, एवढं सगळं छान केलंत, मग हे वाकडं का ठेवलंत? अंकलनी हिंदीत सांगितलं.

आई म्हणाली, "वो किसी ने सिया हुआ है ना. दूसरे का टाका खोलते नहीं हमारे में." मग अंकलकडे वळून मराठीत म्हणाली, "आमच्या सासूबाईंची वाकळ हाय, तिच्यावर त्यांच्या सासूचे टाके. वरनं नवं लुगडं घालायचं, आपले टाके घालायचे. आतला उसवायचा नाही. कुणाचा हात फिरलाय, आपल्याला काय ठाऊक?"

अंकलनी हे इंग्रजीत सांगितलं. ग्रेगनं मान हलवली आणि गव्याची हळूच घडी केली, आईनं केली होती तशीच. पण भिंतीचं उत्तर बदललं नाही. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि आज मला त्याचं तेच आवडतं.

तेव्हा अंकल खाकरले. "समता बाय, भिंतीवर नाय तर नाय. आमच्या अंगावर चालतील काय? चिकटपट्टी सुटते रे आमची."

"नाही!" मी म्हणाले. "तुम्ही पडाल. पुन्हा फाटतील."

"फाटतील की," आई म्हणाली. "कापड आहे ते."

"ह्या ठेवायच्या वस्तू आहेत, आई! घालायच्या नाहीत!"

बाबा एवढा वेळ गॅलरीच्या दारात उभे होते. ते आत आले, गव्याची उचलली, तिची चिठ्ठी हातावर घेतली आणि चष्मा वर करून वाचली. सावकाश, मला अक्षरं शिकवताना वाचायचे तशी. "खेळेल, त्याची, जर्सी." मग चिठ्ठी सोडली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याच पत्रकानं माझा संप मोडला.

त्यांनी सोडलेली चिठ्ठी गोल गोल फिरत होती. मी ती सोडवली आणि जर्सी अंकलच्या हातात दिली. ती घेताना त्यांनी आधी हात शर्टाला पुसले.

निघायच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या थंडीत जाऊन बसलो, बाबा माकडटोपीत, आई स्वेटरवर ओढणी गुंडाळून. एका बाजूला गवे, दुसऱ्या बाजूला अस्वलं, मध्ये बदक शिट्टी वाजवत. ढगळ जर्स्यांत ते सगळे दुप्पट मोठे दिसत होते. ग्रेग फळीवर रेलून ओरडून शिकवत होता. फिलिपिनो भाऊ गोल मारून इतका खूश झाला की थांबायचं विसरला आणि अंकलवर जाऊन आदळला. दोघं फळीवर. असा आवाज झाला की आई उठून उभी राहिली. अंकल उठले, बाही वर केली आणि आम्हांला दाखवली. दंडापाशी लांब फाटली होती. ते दात काढून हसत होते. मी आईकडे बघितलं. तिचा हात आपोआप पदराकडे गेला, तिथं सुई टोचलेली असायची. तिथं पदर नव्हता, ओढणी होती.

"अंकल, ती काढून द्या, मी नेते!" मी ओरडले.

"नको," आई म्हणाली. "आपण जाणार. त्यांचं त्यांना शिवू दे."

अंकल आता वसईला परतायच्या बेतात आहेत. टीम अजून खेळते, माणसं बदलली. मागच्या महिन्यात त्यांनी फोनवर एक फोटो पाठवला. मी तेव्हा कोल्हापूरला होते. आई अंगणात चटईवर बसून आजीच्या वाकळेवर नवं पातळ घालत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. गव्याची बाही. निळा रंग विटलेला. दंडावर नवी शिवण, हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यानं. अंकलनी कळवलं होतं, आजोबांकडून मासेमारीची जाळी दुरुस्त करायला शिकलेल्या टीममधल्या एका माणसाची, गाठीगाठीची. मासा सुटणार नाही अशी.

आईनं चष्मा लावला. "मोठं कर जरा. वर गं, वर घे." मी बोटांनी फोटो ताणला. ती हिरव्या गाठींच्या बाजूनं नजर नेत राहिली, काखेकडे, मग खाली कोपराकडे. काळे टाके होते तिथं होते. त्यांच्या वर तिचं रफू. ती वाकून फोनच्या इतकी जवळ गेली की काचेवर वाफ धरली.

"माझा नाही उसवला मेल्यानं," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.